गाळाचा परवाना
नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीची शंभर वर्षे आणि एका अर्जाचा मसुदा

मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिक सोडून वीसेक किलोमीटर आले की ओझर लागते. बाहेरच्यांना ते मिग विमानांचे गाव म्हणून ठाऊक आहे. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि गावाची ओळख बदलली. त्याच्या कितीतरी आधीपासून ओझर बाणगंगेच्या काठचे गाव आहे. ही बाणगंगा, नाशिकहून येणारी गोदावरी, इगतपुरीकडून येणारी दारणा आणि दिंडोरीकडून येणारी कादवा या सगळ्यांचे पाणी शेवटी एकाच ठिकाणी गोळा होते. ते ठिकाण म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. त्याच्यामागे साचलेली पाणथळ ही महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा. २१ जून २०१९ या तारखेने तिची नोंद झाली आणि जानेवारी २०२०मध्ये ती जाहीर करण्यात आली.

या पाणथळीत आज काही करायचे झाले, म्हणजे गाळ काढायचा, पाणी अडवायचे किंवा बांध घालायचा, तर कोणाची परवानगी लागते? अर्जात काय लिहावे लागते? आणि जे नुकसान होईल ते भरून काढण्याचा आराखडा, ज्याला सरकारी कागदांत मिटिगेशन प्लॅन म्हणतात, तो कसा करायचा? प्रश्न कोरडे वाटतील. पण त्यांची उत्तरे शोधताना मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो. ही पाणथळ मुळात कोणाच्या परवानगीने झाली, हे आधी पाहणे भाग पडले.

१

एकोणिसाव्या शतकाचा शेवट दख्खनला दुष्काळाचा गेला. १८७६-७८, १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ पडले. त्यानंतर १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला गेला. १९०३मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने एक गोष्ट मान्य केली. दख्खनमधली पाटबंधाऱ्यांची कामे पंजाबसारखी नफा देणार नाहीत. ती दुष्काळापासून संरक्षण म्हणून करावी लागतील. गोदावरी कालव्यांची योजना या विचारातून आकाराला आली.

योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाणी साठवायचे ते वर इगतपुरी तालुक्यात, भरपूर पावसाच्या पट्ट्यात, दारणा धरणात. ते सोडायचे नदीच्या पात्रातून. खाली, जेथे पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो, तेथे गोदावरी-कादवा संगमावर एक बुटका बंधारा घालायचा. नदीने आलेले पाणी त्याने उचलायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांत घालून कोपरगावकडे न्यायचे. नांदूरमध्यमेश्वरचा हा बंधारा १९०७ ते १९११ या काळात झाला, दारणा धरण १९१६मध्ये पुरे झाले. बंधाऱ्याचे काम पाणी वळवण्याचे होते, साठा हा त्याचा मूळ हेतू नव्हता. कोपरगाव परिसरातला ऊस आणि साखर कारखानदारी पुढे या कालव्यांवर वाढली.

त्या वेळी परवानगी होती ती कशाची? सरकारच मालक आणि सरकारच बांधकाम करणारे. कायद्यात भरपाईची तरतूद होती. ती बुडालेल्या जमिनीची, पिकाची, कोणाचे चालू पाणी तुटले तर त्याची. काय भरून द्यायचे नाही हेही त्या काळचे कायदे स्पष्ट सांगत. उत्तर हिंदुस्थानसाठी १८७३ साली झालेल्या कालवे कायद्याचे आठवे कलम पाहावे. पाझर किंवा पूर कमी झाला, हवामान किंवा माती बिघडली, नावा चालेनाशा झाल्या, गुरांना पाणी पाजण्याची सोय गेली, मजुरांचे काम सुटले, तर त्याबद्दल भरपाई मिळणार नाही असे त्यात नमूद आहे. आजच्या पर्यावरणीय आराखड्यात जे जे मोजावे लागते, त्याची जवळपास पूर्ण यादी तेथे सापडते; फक्त ती वगळण्याची यादी आहे. म्हणजे या गोष्टी कारभाऱ्यांना दिसत नव्हत्या असे म्हणता येत नाही. त्या दिसत होत्या, आणि त्यांची किंमत धरायची नाही हे ठरवून टाकले होते.

२

बंधारा झाला आणि नदीने तिचे काम सुरू केले. वाहते पाणी मंदावले की गाळ खाली बसतो. चार नद्यांचा गाळ सपाट पात्रात, बुटक्या भिंतीमागे बसत गेला. आज जलसंपदा खात्याच्या रोजच्या तक्त्यात नांदूरमध्यमेश्वरचा साठा २५७ दशलक्ष घनफूट असा दाखवतात, म्हणजे पाव टीएमसी. अभियंत्याच्या दृष्टीने हा आजारी बंधारा आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र गाळाने घर बांधले. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदके बुडी मारून अन्न शोधत नाहीत. डोके खाली आणि शेपूट वर करून चोच तळाला पोचेल इतक्याच पाण्यात ती चरतात. तुतवार, शेकाट्या यांसारख्या चिखलपक्ष्यांना तर चार बोटे पाणी किंवा नुसता ओला चिखल लागतो. खोल धरणात त्यांना काहीही मिळत नाही. नांदूरमध्यमेश्वरला गाळाची बेटे झाली, त्यांवर लव्हाळे आणि रामबाण माजले, काठाला बाभळी आल्या. हिवाळ्यात कालव्यांना आवर्तन सुटले की पातळी उतरते आणि नवा चिखल उघडा पडतो. वरून पाणी आले की पुन्हा झाकला जातो. हा चढउतार कालव्याच्या वेळापत्रकाचा, पण पाहुण्या पक्ष्यांच्या मुक्कामाशी तो चांगला जुळला. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे नाशिककर अभिमानाने सांगतात. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र १०० चौरस किलोमीटरच्या थोडे वर. रामसर जागा म्हणून नोंदलेले क्षेत्र त्या मानाने लहान, १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढे.

रामसरच्या नोंदीत येथील ५३६ जातींचा उल्लेख आहे. त्यात एक छोटा मासा आहे, देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा. १९३८ साली शास्त्राला माहीत झालेला आणि आज अत्यंत संकटग्रस्त मानला गेलेला. त्याच नोंदीत धोकेही मांडले आहेत: पाणवेली, शहरांची वाढ, पाण्याचा उपसा. अभियंत्यांनी आखलेल्या, कारकुनांनी हिशेबात न धरलेल्या आणि नदीने घडवलेल्या या जागेला शेवटी आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले.

३

आता कायद्याकडे येऊ. इराणमधील रामसर शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींचा करार झाला. भारत १९८२ साली त्यात आला. या कराराच्या चौथ्या कलमात भरपाईची कल्पना आहे. तातडीच्या राष्ट्रीय हितासाठी एखाद्या देशाने नोंदलेल्या पाणथळीची हद्द कमी केली, तर जमेल तितके नुकसान भरून काढावे आणि त्याच भागात किंवा दुसरीकडे तशी राखीव जागा करावी, असे ते सांगते.

अमेरिकेत या कल्पनेची पूर्ण यंत्रणा उभी राहिली. तेथील १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या ४०४व्या कलमाखाली पाणथळीत भराव टाकायला लष्कराच्या अभियंता विभागाचा परवाना लागतो. पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि उरेल तेवढेच भरून द्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकूण पाणथळ घटू द्यायची नाही, हे तेथील राष्ट्रीय धोरण झाले. पुढे पाणथळींच्या बँकाही निघाल्या. एकाने आधीच पाणथळ तयार करून ठेवायची आणि दुसऱ्याने भराव टाकताना तिचा वाटा विकत घ्यायचा. पण २००१ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासणी करून सांगितले की हे उद्दिष्ट साध्य होत नाही. कागदावर भरलेली पाणथळ जमिनीवर पुष्कळदा झालेलीच नव्हती, झाली तरी मूळ जागेचे काम करत नव्हती.

आपल्याकडे वेगळी वाट धरली गेली. केंद्राचे पाणथळ नियम २०१०मध्ये आले आणि २०१७मध्ये बदलले. २०१७च्या चौथ्या नियमात थेट बंदी आहे: अतिक्रमण, नवा उद्योग किंवा जुन्याचा विस्तार, घनकचरा, प्रक्रिया न केलेले सांडपाणी, आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम. सवलत हवी असेल तर राज्याच्या प्राधिकरणाची शिफारस घेऊन केंद्राकडे जावे लागते. आणि एक मोठी मेख आहे. पाणथळीच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेली जलाशये वगळली आहेत. त्या अर्थाने नांदूरमध्यमेश्वर, जो नखशिखांत सिंचनाचा बंधारा आहे, पाणथळच नव्हे! रामसर यादीतल्या जागांना नियम लागू होतात असे पुढे म्हटले आहे, पण वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्राला ते लागू नाहीत असेही त्याच नियमात आहे. या तिहेरी गाठीतून बाहेर पडल्यावर हाती उरतो तो १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याचे २९वे कलम.

हे कलम सावकाश वाचावे. अभयारण्यातील प्राण्यांच्या अधिवासाला धक्का लावणे, किंवा अभयारण्यात येणारे वा तेथून बाहेर जाणारे पाणी वळवणे, अडवणे वा वाढवणे, हे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि असा परवाना केव्हा द्यायचा? ते काम वन्यजीवांच्या भल्यासाठी, त्यांच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे, अशी वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून राज्य सरकारची खात्री पटली तरच. २०२२च्या दुरुस्तीने स्थानिकांचे पिण्याचे व घरगुती वापराचे पाणी या बंदीतून स्पष्टपणे बाहेर ठेवले, एवढीच सैल गाठ.

अर्जदाराने येथे थांबून विचार करायला हवा. अमेरिकेतला अर्जदार म्हणतो, मला अमुक बांधायचे आहे, होणारे नुकसान मी असे भरून देईन. २९व्या कलमाखाली हा युक्तिवाद चालत नाही. गरज माणसाची असली, तरी अर्ज पक्ष्याच्या बाजूने लिहावा लागतो.

४

आणि गरज खरी आहे. चांदोरी, सायखेडा या गावांना गोदावरीचा पूर नवा नाही. २०१६च्या आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तेथली बाजारपेठ, घरे, मंदिरे पाण्यात गेली. बंधाऱ्यामागे गाळ साचल्याने पाण्याचा फुगवटा मागे येतो, गाळ काढा, ही मागणी त्या गावांत जुनी आहे. राज्यात २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. शेतकरी गाळ वाहून शेतात टाकतो. निफाडच्या द्राक्षबागाइतदाराला तो गाळ सोन्यासारखा आहे. मग अडचण कोठे आहे?

म्हणून मी एक अर्ज मनाशी लिहून पाहिला. नांदूरमध्यमेश्वरमधून गाळ काढायचा आहे असे धरले, आणि एकेक रकाना भरत गेलो.

पहिला रकाना उद्देशाचा. पूर कमी करणे असे लिहिले की लगेच गणित करावे लागते. नदीला १ लाख क्यूसेकचा पूर आहे असे धरू. मोठ्या पुरात प्रवाह याहून अधिक असतो. १ लाख क्यूसेक म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट. २५७ दशलक्ष घनफुटांचा अख्खा साठा रिकामा असला, तरी तो २,५७० सेकंदांत, म्हणजे ४३ मिनिटांत भरतो. गाळ काढून साठा चौपट केला, तरी तीन तासांच्या आत भरेल. शिवाय ऑगस्टमध्ये तो रिकामा नसतोच. साठा वाढवून पूर थांबतो हा दावा या गणितात टिकत नाही. दुसरा दावा अधिक भक्कम आहे: पात्रात वाढलेली बेटे, बाभळी आणि पाणवेली पाण्याची वाट अडवतात, त्यामुळे वरच्या बाजूला पातळी चढते. हे खरे असेल तर सगळा गाळ काढायची गरज नाही; मुख्य प्रवाहाची एक वाट मोकळी केली तरी पुरे. उद्देश नेमका लिहिला की काम आपोआप लहान होते. टाळा आणि कमी करा या पहिल्या दोन पायऱ्या येथेच चढून होतात.

दुसरा रकाना सध्याच्या स्थितीचा. पाणथळीच्या अधिसूचनेसाठी जो संक्षिप्त दस्तऐवज करतात, त्याचे मुद्दे २०१७च्या सातव्या नियमात आहेत: हद्दीचा प्रत्यक्ष पडताळलेला नकाशा, प्रभावक्षेत्र, पर्यावरणीय स्वरूप, आधीपासूनचे हक्क, चालू द्यायच्या आणि नियंत्रित करायच्या गोष्टी. नियम येथे लागू नसले तरी हा सांगाडा उपयोगी आहे. त्यात मी एका गोष्टीची भर घालीन: खोलीचा नकाशा, महिन्यागणिक. डिसेंबरात अर्ध्या फुटाच्या आत पाणी किती हेक्टरवर असते आणि चिखल किती उघडा असतो, हे कळल्याशिवाय पक्ष्यांचे काय जाणार ते सांगता येणार नाही.

तिसरा रकाना हक्कांचा, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा. कालव्यांवरच्या शेतकऱ्यांचा पाण्यावर हक्क आहे. मासेमारी करणारे आहेत, गाळपेर करणारे आहेत. अभयारण्याच्या हद्दीत चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी यांसारखी नांदती गावे आहेत. खाली जायकवाडी आहे; १९ सप्टेंबर २०१४ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी पाणीवाटपाचा आदेश दिल्यापासून गंगापूर-दारणातून मराठवाड्यासाठी सुटणारे पाणी या बंधाऱ्यावरूनच जाते, आणि किती गेले याची मोजणी लोक येथूनच करतात. एका बंधाऱ्यावर इतक्यांचे डोळे लागलेले असताना नुसत्या पक्ष्यांचा आराखडा पुरा पडत नाही.

चौथा रकाना भरपाईचा. भरपाई म्हटली की आपल्याकडे पहिला हात झाडांकडे जातो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे उदाहरण बोलके आहे. त्या मार्गात प्रथम ५३ हजारांहून अधिक कांदळवने जाणार होती. आखणी बदलून ती संख्या सुमारे २२ हजारांवर आली आणि ९ डिसेंबर २०२२ला मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. तीस हजारांहून अधिक झाडे वाचली ती आखणी बदलल्याने. लावायच्या नव्या रोपांचे काय होते, ते पुढची वीस वर्षे सांगतील. नांदूरमध्यमेश्वरला तर झाडे लावणे ही भरपाई होऊच शकत नाही. उघड्या चिखलावर बाभूळ लावली तर चिखलपक्ष्याची जागा आणखी घटेल. एका हेक्टर उथळ पाण्याची भरपाई उथळ पाण्यानेच होते. काढलेल्या गाळातला काही भाग काठाशी हलक्या उताराने पसरून नवे उथळ पट्टे करणे, माजलेले रामबाण टप्प्याटप्प्याने कापणे, पाणवेली बी धरण्याआधी काढणे, काम पक्षी गेल्यावर म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत करणे आणि पहिल्या वर्षी दहाव्या हिश्शापलीकडे न जाणे, एवढे लिहिता येईल. ते वन्यजीवांच्या भल्याचे आहे असे म्हणायला जागा राहते, कारण काहीच केले नाही तर गाळ चढत चढत शेवटी कोरडी जमीन होते. गाळाने जी पाणथळ घडवली, ती गाळच संपवणार आहे. २९व्या कलमाखालचा प्रामाणिक युक्तिवाद हाच.

५

उरतो शेवटचा रकाना, देखरेखीचा. अमेरिकेतल्या भरपाईच्या पाणथळी फसल्या त्या बऱ्याच अंशी येथे. लिहिलेले पाळले जाते की नाही हे कोण मोजणार, आणि मोजून कोणाला सांगणार?

याचे एक उत्तर ओझरमध्ये पस्तीस वर्षांपासून आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याचे ओझर हे शेवटचे टोक. टेलच्या गावाचे दुखणे सगळीकडे सारखे: कागदावर पाणी, चारीत धूळ. १९९०-९१च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी येथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. पाणी मोजून घ्यायचे, घनमापाने पैसे भरायचे, आत वाटप संस्थेने करायचे. कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींना पाझर द्यायचीही सोय त्यांनी बसवली. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि २००३मध्ये प्रकल्पस्तरीय संस्था आली. राज्याने २००५मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्यामागे अशा अनुभवांचे बळ होते.

मला या करारातून दिसते ते असे. तो टिकला, कारण चारीच्या तोंडाशी मोजमाप होते, ते दोन्ही बाजूंना मान्य होते, आणि कमी पाणी आले तर कोणाला विचारायचे हे ठाऊक होते. मिटिगेशन प्लॅन हाही शेवटी पाण्याचा करारच असतो. नांदूरमध्यमेश्वरच्या आराखड्यात एक ओळ अशी असायला हवी की डिसेंबर ते फेब्रुवारी अमुक पातळीच्या खाली एका आठवड्यात अमुक इंचांहून अधिक उतार होऊ द्यायचा नाही. ती पातळी दाखवणारी पट्टी बंधाऱ्यावर उघड्यावर रंगवलेली असावी. आवर्तनाच्या तारखा ठरवणाऱ्या बैठकीत वनखात्याचा माणूस आणि पाणीवापर संस्थांचा माणूस दोघे बसावेत. पक्ष्यांची गणना दर हिवाळ्यात होतेच. तिचे आकडे पाण्याच्या आकड्यांशेजारी त्याच फलकावर लागावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही.

चार बोटे पाण्यात उभा राहणारा तुतवार अर्ज करू शकत नाही, चांदोरीच्या बाजारपेठेतला दुकानदार करू शकतो. कायद्याने अर्ज पक्ष्याच्या बाजूने लिहायला लावून हा तोल सांभाळायचा प्रयत्न केला आहे. तो सांभाळला गेला तर दुकानदाराचेही काम होते, कारण दोघांना हवी आहे ती एकच गोष्ट: पुरात मोकळी वाहणारी आणि हिवाळ्यात उथळ पसरणारी नदी. १९०७ साली हा बंधारा बांधताना ज्या गोष्टींची किंमत धरायची नाही असे ठरले होते, त्या आज मोजता येतात. पुढचा अर्ज जो कोणी करील, त्याने त्या मोजूनच करावा.